टी सोळावर उतरायचं!



डोंबिवली ते व्हीटी हा रेल्वेचा प्रवास मी सलग एकतीस वर्षं केला. गाडी अजून फलाटाला लागायची असते तेव्हाच कुठल्या दाराशी उभं राहायचं, ठाण्याला कोण उठणार, चौथ्या सीटवर किती टेकता येतं, हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे २०१८ च्या वसंतात मी तोक्योला मुलाकडे गेले आणि पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "आई, इथल्या गाड्या जरा अवघड आहेत, एकटी जाऊ नकोस," तेव्हा मला हसूच आलं. मनात म्हटलं, अरे बाळा, तू पोटात असतानासुद्धा मी लोकलने जात होते!

हे हसू पुढे चार दिवसही टिकलं नाही.

मुलगा राहत होता निशि-कासाई नावाच्या भागात. तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा नावाचा प्रभाग आहे, त्यात हे ठिकाण येतं. इथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. २००० सालाच्या सुमारास संगणक अभियंते मोठ्या संख्येने जपानला गेले. त्यांची कार्यालयं ओतेमाची, निहोम्बाशी, कायाबाचो अशा मध्यवर्ती भागांत होती, आणि निशि-कासाईहून या सगळ्या ठिकाणी एकच गाडी जाते, मध्ये बदलावी लागत नाही. म्हणजे आपल्याकडे लोक डोंबिवलीत का राहिले, त्याचंच हे जपानी उत्तर. घर घेताना माणूस आधी गाडी बघतो, हे तिथेही खरं आहे.

मी गेले होते सुनेच्या बाळंतपणासाठी. पण बाळंतपणाला दोन महिने असतानाच डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती सांगितली आणि रुग्णालयात ठेवून घेतलं. तिला तिथलं जेवण जाईना. घरचा डबा आणायला डॉक्टरांनी परवानगी दिली. भेटीची वेळ दुपारची, आणि मुलगा संध्याकाळपर्यंत कार्यालयात. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी मी करू शकत होते. प्रश्न एवढाच होता की तो डबा ईदाबाशी नावाच्या स्थानकापर्यंत नेणार कोण? घरात मोकळी मी एकटीच होते.

स्थानकावर गेले आणि भिंतीवरचा नकाशा बघितला. लहान मुलाने रंगीत लोकरीची गुंडी सोडवून टाकावी तसा तो दिसत होता. तोक्योत नुसते भुयारी मार्गच तेरा आहेत. त्यातले नऊ तोक्यो मेट्रोचे आणि चार तोएईचे, म्हणजे महानगर सरकारचे. शिवाय जे.आर.च्या गाड्या वेगळ्या आणि खासगी रेल्वे कंपन्या वेगळ्या. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. स्थानकांची नावं रोमन लिपीतही असतात, नाही असं नाही. पण फलाटावरची चमकती पाटी थोडा वेळ जपानी आणि थोडा वेळ रोमन अशी बदलत राहते, आणि आपण मान वर करावी तेव्हा नेमकी जपानीच दिसते. नावं वाचता आली तरी एकासारखी एक. ईदाबाशी, निहोम्बाशी, निशि-फुनाबाशी. हे 'बाशी' म्हणजे पूल, हे मला फार पुढे कळलं. आपल्याकडे नव्या माणसाला घाटकोपर आणि कोपरमध्ये गोंधळायला होतं, तसंच.

पन्नास वर्षं वाचत आलेली बाई मी. त्या नकाशासमोर एकाएकी निरक्षर झाले.

मुलाने रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरांत फक्त दोन गोष्टी लिहून दिल्या. टी १६ आणि टी ०६. म्हणाला, "आई, नावं विसर. सोळावर चढायचं, सहावर उतरायचं. गाडी नीट दिशेची असेल तर आकडे उतरत जातील."

ही आकड्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. २००४ साली तोक्योतल्या भुयारी रेल्वेने प्रत्येक स्थानकाला एक अक्षर आणि एक आकडा दिला. अक्षर मार्गाचं. गिन्झा मार्गाला जी, तोझाईला टी, चियोदाला सी. हिबियाने एच घेतल्यामुळे हान्झोमोनला झेड मिळालं. भोवती त्या मार्गाच्या रंगाचं गोल कडं. तोझाईचं आकाशी. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने आकडे. नाकानो हे टी ०१, निशि-फुनाबाशी टी २३. झालं. जपानी येवो न येवो, सोळातून सहा वजा केले तर दहा स्थानकं जायची आहेत, हे कोणालाही कळतं. पुढे २०१६ मध्ये जे.आर.नेही तोक्योत असे आकडे दिले.

तेव्हा पहिला धडा हा, की परक्या शहरात गेल्यावर सगळा नकाशा शिकायला जाऊ नये. एकच मार्ग निवडावा, आपल्या घराचा. तो पाठ झाला की दुसरा त्याला आपोआप जोडला जातो. मुंबईत आलेला माणूसही आधी आपली एक लाइन शिकतो, हार्बर आणि पश्चिम नंतर येतात.

दुसरा धडा दिशेचा. गाडीची दिशा बऱ्याच ठिकाणी तिच्या शेवटच्या स्थानकावरून ओळखतात. मुलाने सांगितलं होतं, नाकानोकडे जाणारी गाडी घे. मी फलाटावर उभी राहिले. पहिल्या गाडीवर नाव आलं 'मिताका'. सोडली. दुसरी आली, तिच्यावरही मिताका. तीही सोडली. डबा गार होत चालला. तिसरी नाकानोची आली तेव्हा जिवात जीव आला. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "अगं, मिताकाची गाडी नाकानोवरूनच पुढे जाते!" तोक्योत भुयारी गाड्या आपला मार्ग संपला तरी थांबतातच असं नाही. त्याच रुळांवरून दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत शिरतात आणि उपनगरापर्यंत जातात. त्यामुळे पाटीवर दिसणारं नाव कधी कधी आपल्या नकाशाच्या बाहेरचं असतं. म्हणून एकच टोक पाठ करून भागत नाही, त्यापलीकडची दोन-तीन नावंही माहीत हवीत. यामानोते हा वर्तुळाकार मार्ग तर त्याहून अवघड. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, तासाभरात फेरी पूर्ण. वर्तुळाला टोक नसतं, मग दिशा सांगणार कशी? तिथे 'बाहेरची फेरी' आणि 'आतली फेरी' असं म्हणतात, आणि पुढे येणाऱ्या मोठ्या स्थानकांची नावं देतात. चुकीच्या बाजूला बसलात तरी पोहोचता, फक्त शहराला प्रदक्षिणा घालून.

तिसरा धडा मी स्वतःच्या फजितीतून शिकले. आणि लाज याची, की तो मला आधीच येत असायला हवा होता.

पहिल्या दिवशी जाणं नीट झालं. सुनेने डबा संपवला. परतताना मी खुशीत होते. ईदाबाशीला गाडीत बसले आणि आकडे मोजू लागले. सात, आठ, नऊ म्हणजे ओतेमाची, दहा म्हणजे निहोम्बाशी. चौदापर्यंत सगळं बरोबर. मग गाडीने वेग घेतला. भुयारातलं एक स्थानक खिडकीबाहेरून सपकन गेलं. गाडी उजेडात आली, मोठी नदी आली, आणि पुलाच्या पलीकडे माझं निशि-कासाई, तो ओळखीचा फलाट, माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला. पाठोपाठ कासाईही. मग दुसरी नदी. गाडी थांबली ती टी १८ वर, उरायासूला. तोक्यो संपून शेजारचा चिबा प्रांत सुरू झाला होता.

मी बसले होते ती होती 'काइसोकु', म्हणजे जलद गाडी. तोझाई मार्गावर ती तोयोचोपर्यंत प्रत्येक स्थानक घेते आणि तिथून एकदम उरायासूला जाते. गाडीवर तसं लिहिलेलं असतं, घोषणाही होते. मी ऐकली नव्हती, ऐकली असती तरी समजली नसती. पण एकतीस वर्षं इंडिकेटरवर एफ की एस हे बघितल्याशिवाय गाडीत पाय न टाकणाऱ्या बाईला, इथेही फास्ट आणि स्लो असू शकते, हे सुचलं नाही! परक्या शहरात गेलं की आपण आपल्या गावात शिकलेलंही विसरतो. भीतीने शहाणपण पहिलं जातं.

फोनची बॅटरी संपली होती. हातात एकच तिकीट, तेही निशि-कासाईपर्यंतच्या पैशांचं. मला आठवला तो आपल्याकडचा काळा कोट. जादा प्रवास, म्हणजे दंड. घाम फुटला. तिथे एक वयस्कर कर्मचारी उभे होते. मी त्यांच्यापुढे टी १६ चा कागद धरला. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, हसले नाहीत. दोन्ही हातांची फुली करून जलद गाडीकडे दाखवलं, म्हणजे ही नको. मग विरुद्ध दिशेच्या फलाटाकडे हात केला, आणि 'काकुएकि', 'काकुएकि' असं दोनदा सावकाश म्हणाले. प्रत्येक स्थानकाला थांबणारी गाडी. शेवटी दोन बोटं वर केली. सतरा, सोळा. दुसऱ्याला उतरा. गाडी येईपर्यंत ते मधून मधून माझ्याकडे बघत होते.

दंड झाला नाही. तोक्योत समजा तुम्ही कमी पैशांचं तिकीट काढलं किंवा पुढे गेलात, तर बाहेर पडण्याच्या दाराआधी एक यंत्र असतं. त्यात तिकीट घालायचं, यंत्र फरक सांगतं, तेवढे पैसे टाकायचे आणि नवं तिकीट घेऊन बाहेर पडायचं. म्हणून भाड्याचा तक्ता वाचता येत नसेल, तर सर्वांत कमी किमतीचं तिकीट काढून फरक शेवटी भरावा, असं जाणकार प्रवासी सांगतात. अर्थात कार्ड असेल तर हाही त्रास नाही. २००१ मध्ये जे.आर.ने 'सुइका' आणि २००७ मध्ये इतर कंपन्यांनी 'पास्मो' ही कार्डं आणली. दोन्ही एकमेकांच्या गाड्यांत आणि बसमध्ये चालतात. पैसे भरायचे, आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं. कंपन्या कितीही असोत, हिशेब कार्ड करतं.

रात्री जेवताना मी मुलाला सांगून टाकलं. मला वाटलं, उद्यापासून हा मला जाऊ देणार नाही. तो हसला. म्हणाला, "निशि-कासाईत राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा उरायासू बघितलेलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती मात्र वेगळ्या कारणाने.

माझी आई लग्न होऊन रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून डोंबिवलीला आली. तिला वाचता येत नव्हतं. स्टेशनवर ती नेहमी दोघा-तिघांना विचारायची, "ही गाडी डोंबिवलीला थांबते ना हो?" एकाने हो म्हटलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा चार माणसांत मी तिला म्हटलं, "आई, पाटी वाच ना!" म्हटलं आणि लक्षात आलं. तीही काही बोलली नाही. एकदा ती चुकीच्या गाडीत बसून कल्याणला गेली, रडवेली होऊन परत आली, आणि आम्ही भावंडं कितीतरी दिवस त्यावरून हसत होतो.

पण तिची स्वतःची एक रीत होती. मुंब्र्याचा डोंगर आला की ती पदर खोचायची, दिवा गेलं की पिशवी घेऊन दाराशी. अक्षर नव्हतं तिथे तिने डोंगराची पाटी केली होती. तोक्योत दुसऱ्या दिवसापासून मी काय करत होते? भुयार संपून उजेड आला, आराकावा नदीचा पूल लागला, की पर्स खांद्याला लावून उठायचं. पूल संपला की माझं स्थानक. चाळीस वर्षांनी आईची युक्ती माझ्या कामी आली, आणि तिला ते सांगायला ती राहिलेली नव्हती.

जगात काही शहरांनी अशा माणसांचा विचार आधीच केला आहे. मेक्सिको सिटीत १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा वाचता न येणारे प्रवासी पुष्कळ होते. म्हणून तिथे प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं, ते आजही आहे. चित्र, रंग, आकडा, या गोष्टी परक्या माणसाला उपयोगी पडतात असं आपण म्हणतो. पण परका म्हणजे फक्त परदेशी नव्हे. आपल्याच गावात पाटी न वाचता येणारा माणूसही त्या क्षणी परकाच असतो.

पुढचे धडे भराभर सांगते. एक, उतरल्यावर बाहेर पडण्याचं दार कोणतं, हे घरूनच माहीत करून घ्यावं. मोठ्या स्थानकाला दारं कितीतरी असतात, त्यांना ए १, बी २ असे क्रमांक असतात. चुकीच्या दाराने वर आलात तर रुग्णालय रस्त्याच्या भलत्याच बाजूला. दोन, नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक यांनी केलेला नकाशा १९३३ मध्ये छापला गेला, तेव्हापासून असे नकाशे सरळ रेषांचे, सोयीचे असतात, मापाचे नसतात. ओतेमाची आणि तोक्यो ही नावाने दोन स्थानकं, पण जमिनीखालून चालत जाता येतं. तीन, शेवटची गाडी. तोक्योत मध्यरात्रीनंतर साधारण एक ते पहाटे पाच गाड्या नसतात. चार, गाडीत फोनवर बोलत नाहीत, आणि उतरणारे उतरल्याशिवाय कोणी चढत नाही. फलाटावर रांगेच्या खुणा आखलेल्या असतात.

गर्दी मात्र तिथेही आहे. आमचा तोझाई मार्ग त्यासाठी प्रसिद्धच होता. २०१८ च्या सरकारी मोजणीत सकाळच्या ऐन वेळी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. ही टक्केवारी समजावून सांगायची तिथली पद्धत मला फार आवडली. अनेक वर्षं ती वर्तमानपत्रावरून सांगत. १५० टक्के म्हणजे पेपर उघडून आरामात वाचता येतो. १८० म्हणजे घडी करून, जरा ओढाताण करून वाचता येतो. २०० म्हणजे पेपर नाही, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० म्हणजे हातच हलवता येत नाही. आपल्या लोकलला हे माप लावायचं तर त्याच्या पुढे आणखी एक-दोन पायऱ्या कराव्या लागतील!

प्रत्येक शहराची खोच वेगळी असते. बर्लिनच्या भुयारी स्थानकात आत शिरताना दारं नाहीत, कोणी अडवत नाही. पण साधं कागदी तिकीट प्रवासापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर साठ युरो दंड. लंडनच्या भुयारी गाडीत कार्ड जाताना आणि येताना दोन्ही वेळा टेकवायचं, पण बसमध्ये फक्त चढताना, आणि २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये काही स्थानकांना दोन दिशांसाठी रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे जिने आहेत. चुकीच्या जिन्याने उतरलात तर पुन्हा वर या. म्हणून पहिल्या दिवशी कोणालाही तीनच प्रश्न विचारावेत. तिकीट कुठे आणि किती वेळा दाखवायचं? ही गाडी सगळीकडे थांबते का? आणि चुकलं तर काय करायचं? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. खरं तर तोच सर्वांत महत्त्वाचा. चुकल्यावर काय करायचं हे माहीत असलं की माणूस घराबाहेर पडतो.

आता कोणी म्हणेल, फोनमध्ये सगळं कळतं. कळतं, मी नाकारत नाही. पण बॅटरी संपते. शिवाय फोन रस्ता सांगतो, शिकवत नाही. मी रोज एका वहीत लिहीत गेले. दोन महिन्यांत तीन मार्ग पाठ झाले. नात झाली त्या दिवशी मुलगा आधीच तिकडे होता. त्याचा फोन आला आणि मी एकटी निघाले. गाडीवर मिताका होतं. बिनधास्त चढले.

परत आल्यावर थोड्याच दिवसांनी डोंबिवली स्टेशनवर उभी होते. एक बाई, हातात पिशवी, कडेवर मूल, विचारत होत्या, "ताई, ही गाडी कळव्याला थांबते का?" शेजारची मुलगी कानातलं न काढता म्हणाली, "इंडिकेटरवर आहे ना." मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "ही नाही थांबत, पुढची थांबते. तो तिथे वर एस आला ना, सापासारखं वळलेलं अक्षर, की ती सगळीकडे थांबते. तिकडून मुंब्र्याचा डोंगर गेला की पुढचं कळवा." त्या दोनदा पुटपुटल्या, सापासारखं, सापासारखं. मग पुढच्या गाडीची वाट बघत इंडिकेटरकडे बघत उभ्या राहिल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)